आत्मविश्वासाची पुस्तके वाचताना वही जवळ असू द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांच्या टेबलांपाशी कॉलेजची मुले रेंगाळतात ती बहुतेक वेळा आत्मविश्वासाच्या पुस्तकांपुढे. गावच्या वाचनालयांतही याच पुस्तकांची पाने आधी सुटी होतात. वाचनालये आणि अभ्यासिका चालवणाऱ्या आम्हा काहीजणांना या पत्रातून एवढेच सांगायचे आहे, की ही पुस्तके कामाची आहेत, पण कादंबरीसारखी वाचून काढली तर भीती जागची हलत नाही. दोन रात्रींत पुस्तक संपते, चार दिवस अंगात बळ आल्यासारखे वाटते आणि पाचव्या दिवशी तालुका कचेरीच्या खिडकीपुढे पुन्हा घसा कोरडा पडतो. मग वाचक पुस्तकाला बोल लावतो, नाहीतर स्वतःला. चुकलेली असते ती वाचण्याची रीत.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली 'हे मला जमेल' ही खात्री माणसात कुठून येते याची मांडणी केली. त्यांनी चार उगम सांगितले. एक, स्वतः केलेले काम जमल्याचा अनुभव. दोन, आपल्यासारख्याच माणसाला ते जमताना पाहणे. तीन, दुसऱ्याने दिलेला धीर. चार, आपल्या शरीराच्या खुणांचा, म्हणजे धडधड, घाम, थरथर यांचा आपण लावलेला अर्थ. यांत सर्वांत भक्कम पहिला. पुस्तक मुळात तिसऱ्यात मोडते, चरित्र असेल तर दुसऱ्यात. पहिल्या उगमापर्यंत कोणतेही पुस्तक आपल्याला उचलून नेत नाही. ते वाट दाखवते, चालावे आपल्यालाच लागते. म्हणून पुस्तकाबरोबर एक शंभर पानी वही आणि पेन्सिल हवीच.

पुस्तक निवडताना मुखपृष्ठ बाजूला ठेवून अनुक्रमणिका आणि मधली दोन-तीन पाने वाचावीत. प्रकरणाच्या शेवटी करायला काही दिले आहे का? लेखक एखादी नेमकी भीती घेऊन बोलतो, की 'यश' नावाच्या मोघम गोष्टीबद्दल? हे पुस्तक कोणाला पुरणार नाही, हे त्याने कुठे सांगितले आहे का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली तर पुस्तक परत ठेवावे. '२१ दिवसांत बदल' असे वचन असेल तर थोडे सावध राहावे. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला 'किमान' शब्द पुढे गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी पुढे प्रत्यक्ष मोजले, तेव्हा एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असे दिसले. बाविसाव्या दिवशीही भीती वाटते म्हणून खचून पुस्तक टाकणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

अनुवादित पुस्तकांत आणखी एक अडचण येते. त्यांतली उदाहरणे परदेशी कंपन्यांच्या बैठकांची आणि मेजवान्यांची असतात. खानापूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाची भीती तशी नसते. त्याला कचेरीत कन्नडमधून बोलायचे असते, इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजीतून तोंडी परीक्षा द्यायची असते, नाहीतर उद्यमबागेतल्या कारखान्यात मुलाखतीला बसायचे असते. तेव्हा प्रत्येक परक्या उदाहरणाशेजारी समासात आपले उदाहरण लिहावे. पुस्तक वाचनालयाचे असेल तर ते वहीत उतरावे. हे कंटाळवाणे वाटते, पण समजलेले पुस्तक आणि लागू पडलेले पुस्तक यांत फरक पडतो तो इथेच.

'माझ्यात आत्मविश्वास नाही' या वाक्यावर काम करता येत नाही, ते फार पसरट आहे. ठिकाण, माणूस आणि कृती असलेले वाक्य हवे : 'कचेरीच्या खिडकीवर कन्नडमधून प्रश्न विचारायची मला भीती वाटते.' मग या भीतीची शिडी करायची. प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे पळून जावेसे वाटणे. वर्तनोपचाराचे एक जनक जोसेफ वोल्पे यांनी भीती मोजायला हीच पट्टी वापरली. या भीतीची शिडी साधारण अशी होईल. घरी आरशापुढे कन्नड वाक्ये मोठ्याने म्हणणे, १५. बस स्टँडवर अनोळखी माणसाला 'निप्पाणी बस एल्ली निल्लुत्तदे?' (निपाणीची बस कुठे थांबते?) असे विचारणे, ३०. औषधाच्या दुकानात सगळा व्यवहार कन्नडमधून करणे, ४०. फोनवरून चौकशी करणे, ५५. कचेरीत जाऊन फक्त 'ई अर्जी एल्ली कोडबेकु?' (हा अर्ज कुठे द्यायचा?) विचारून परत येणे, ६५. अर्ज देऊन पोच मागणे, ८०. अर्ज अडला तर कारण विचारणे, ९०.

सुरुवात तीसच्या आसपासच्या पायरीने करावी. आठवड्यातून तीन-चार वेळा तीच पायरी करायची, भीतीचे गुण निम्म्यावर येईपर्यंत. तीसचे पंधरा झाले की पुढची पायरी. इथे लोक हमखास चार चुका करतात. पहिली म्हणजे उडी. पुस्तक वाचून उत्साह आलेला असतो, म्हणून थेट नव्वदच्या पायरीवर जायचे आणि तोंडघशी पडायचे. दुसरी चूक पळण्याची. धडधड शिगेला पोहोचली असतानाच रांग सोडली तर लगेच बरे वाटते, आणि मन नेमका तोच धडा घेते की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती जास्त येते. थांबून राहिले तर ती चढते, टिकते आणि बहुधा आपोआप ओसरते. हे ओसरणे स्वतः अनुभवणे फार मोलाचे. तिसरी चूक कुबड्यांची. बोलायला मित्राला पुढे करणे, सारखे मोबाइलमध्ये बघणे, वाक्य कागदावर लिहून तेच वाचून दाखवणे. सुरुवातीच्या पायऱ्यांना चालेल, पण कुबडी कधी सोडणार हे शिडीत लिहिलेले असावे. नाहीतर श्रेय कागदाला जाते आणि आपण होतो तिथेच राहतो. चौथी चूक आम्हांला सर्वांत जास्त दिसते : पायरी अवघड वाटली की दुसरे पुस्तक आणायचे. वाचन हीच पळवाट होते.

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे निघण्याआधी लिहायचे, 'काय होईल असे वाटते'. उजवीकडे परतल्यावर, 'काय झाले'. डावीकडे असते, 'माझे कन्नड ऐकून सगळे हसतील.' मग माणूस खिडकीपुढे उभा राहतो, हातातल्या अर्जाची कडा घामाने मऊ पडलेली असते, 'ई अर्जी...' म्हणून जीभ अडते, आणि आतला कारकून मान वर न करताच बोट दाखवून म्हणतो, 'आ कडे होग्री.' (तिकडे जा.) बस्स. कोणी हसले नाही, कोणी वळूनही पाहिले नाही. हे उजवीकडे जसेच्या तसे लिहायचे. अशी दहा पाने भरली की डावीकडचा अंदाज किती वेळा चुकला हे डोळ्यांनी दिसते. कधी खरेच कोणी हसेल. तेही लिहावे, आणि हसल्यावर पुढे काय झाले तेही.

शरीराबद्दलही थोडे. 'दीर्घ श्वास घ्या' एवढाच सल्ला वाचून लोक ऐन भीतीच्या क्षणी भराभर मोठे श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती उलट वाढते. श्वास संथ हवा. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, म्हणजे मिनिटाला सुमारे सहा. निवांत असताना रोज पाच मिनिटे याचा सराव केला तर गरजेच्या वेळी तो हाताशी येतो. धडधड पूर्ण थांबायची वाट पाहू नये. ती असतानाही बोलता येते.

रोज सकाळी 'मी निर्भय आहे, मी यशस्वी आहे' म्हणायला सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे तपासले. ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच खालचे होते, त्यांना अशी वाक्ये घोकून बरे वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटले. मन आतून 'खोटे आहे' म्हणत राहते, हे त्याचे सरळ कारण दिसते. म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त, त्यालाच हा उपाय बाधतो. त्यापेक्षा खरे वाक्य घ्यावे : 'हात कापत असतानाही मी एक प्रश्न विचारू शकतो.' काल विचारलेला असेल तर मन त्याला खोटे म्हणत नाही.

उपदेशाच्या पुस्तकांइतकीच चरित्रेही या कामी वाचावीत, मात्र त्यांतली विजयाची पाने नव्हेत, धडपडीची पाने शोधावीत. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावात राहिले होते. रिसालदार गल्लीतले त्यांचे स्मारक अनेकांनी पाहिले असेल. त्यानंतर वर्षभराच्या आत शिकागोच्या व्यासपीठावर त्यांची छाती धडधडत होती, जीभ कोरडी पडली होती आणि सकाळी बोलायचे धाडस न झाल्याने ते दुपारी बोलले, हे त्यांनी स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष महात्मा गांधी तरुणपणी मुंबईच्या कोर्टात आपल्या पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि एक शब्द न बोलता खाली बसले. घेतलेले ३० रुपये त्यांनी परत केले. त्या काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक असलेल्या टिळकवाडीतल्या वीरसौधावरून रोज जाणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही. न घाबरणाऱ्या वीरापेक्षा घाबरून पुढे गेलेला माणूस पाहिला की भित्र्या माणसाला जास्त बळ येते.

वाचनाचा वेग कमी ठेवावा. आठवड्याला एक प्रकरण पुरे. संपले की पुस्तक मिटून आठवेल ते पाच ओळींत लिहावे. न बघता आठवून लिहिल्याने पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त काळ लक्षात राहते, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले. मग त्या प्रकरणातली एकच कृती निवडून 'केव्हा, कुठे' यासह लिहावी : 'बाजाराच्या दिवशी स्टँडवर उतरलो की चौकशीच्या खिडकीवर एक प्रश्न विचारीन.' नुसते 'या आठवड्यात प्रयत्न करीन' लिहिले तर तो आठवडा उजाडत नाही. शक्य तर जोडीने वाचावे. आठवड्यातून एकदा समोर बसून वही दाखवायची आहे म्हटल्यावर पायरी चुकवायला माणूस कचरतो.

सगळीच भीती मनातली नसते, हेही बजावून सांगायला हवे. अर्जाचा नमुनाच न वाचता येणाऱ्या भाषेत असेल, तर तो वाचकाच्या आत्मविश्वासाचा दोष नव्हे. पुस्तके सगळा भार वाचकावर टाकतात, ते आम्हांला मान्य नाही. वहीच्या मागच्या पानावर 'मी शिकायचे' आणि 'आपण मिळून मागायचे' अशा दोन याद्या कराव्यात. कन्नड बोलण्याचा सराव पहिल्या यादीत, मराठीतून अर्जाचा नमुना मिळण्याची मागणी दुसऱ्या यादीत. सराव केल्याने मागणी सोडली असे होत नाही. उलट ती मागायला तोंड उघडते.

आणि पुस्तकावर विसंबू नये अशा खुणाही आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली, जेवण तुटलेले, अचानक जीव जाईल असे वाटण्याचे झटके, भीती दाबायला दारू, किंवा जगणे नकोसे वाटणे. अशा वेळी शिडी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची मोठी संस्था आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो.

आमच्या तीन मागण्या आहेत. वाचनालयांनी या प्रकारच्या पुस्तकांची मुदत पंधरा दिवसांवरून आठ आठवडे करावी. पंधरा दिवसांत फार तर दोन प्रकरणे करून होतात. मराठी वस्तीच्या गावांतील ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत, म्हणजे अरिवु केंद्रांत, मराठी पुस्तकांचे एक कपाट असावे आणि त्यात चरित्रे असावीत. तिसरी मागणी आपल्याकडे आहे. रविवारच्या पुरवणीत सुविचारांच्या चौकटीऐवजी दर आठवड्याला एक भीती, तिची सात पायऱ्यांची शिडी आणि करून पाहण्याची एक कृती छापावी. पहिल्या आठ आठवड्यांचा मजकूर आम्ही तयार करून देऊ. कचेरी, मुलाखत, ग्रामसभा, बँक, तोंडी परीक्षा, फोन, एकट्याने प्रवास आणि दहावीचा कन्नडचा पेपर, या क्रमाने.

आपले,
वाचनालय व अभ्यासिका कार्यकर्ते,
बेळगाव, खानापूर, निपाणी परिसर