नाबोथाचा कागद कुणी लिहिला?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र वाचलं. देवाधर्माची चाड असलेल्या माणसाने दुय्यम निबंधक कार्यालयाच्या (जिथे जमीन-घरांचे दस्त नोंदवतात) वाऱ्यालाही उभं राहू नये, असं त्यांनी लिहिलं आहे. मी त्या वाऱ्यात 31 वर्षं बसलो आहे. वसईत दस्तलेखक आहे आणि रविवारी पहाटेची मिस्सा न चुकवणारा कॅथलिकही आहे. त्यामुळे ते पत्र मलाच आल्यासारखं झालं, म्हणून हे उत्तर.

आमच्या टेबलावर काय चालतं ते त्यांना अर्धंच माहीत आहे. लाच, दलाल, 'वजन' हे सगळ्यांना दिसतं. मला जे सलतं ते तिथे दिसत नाही, कारण तिथे सगळं कायदेशीर असतं. बाप वारला की तेरवी-चाळिसाव्याच्या आसपास भाऊ बहिणींना रिक्षात घालून घेऊन येतात. काही शे रुपयांच्या मुद्रांकावर हक्कसोडपत्र तयार असतं. निबंधक विचारतात, दस्त वाचलात का, सही तुमचीच का, कबूल आहे का. बहीण 'हो' म्हणते, अंगठा टेकवते, कॅमेऱ्याकडे बघते. दहा मिनिटांत बापाच्या वाडीतून तिचं नाव जातं. मग सगळे मिळून हॉटेलात वडा खातात. बिल भाऊ देतो.

वास्तविक आम्हां ख्रिस्ती लोकांना 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. त्यात मुलगा-मुलगी हा भेद नाही. केरळातल्या त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना एवढ्यासाठी मेरी रॉय यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, निकाल 1986 साली लागला. आमच्या मुलींना तो हक्क आधीपासून होता. फक्त कुणी सांगितला नव्हता. ज्यांना ठाऊक होता त्यांत मी होतो.

तरुणपणी हरित वसई संरक्षण समितीच्या मोर्चांत मीही चाललो आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे असायचे, आणि पांढऱ्या झग्यातला माणूस भूमाफियाशी भिडतो हे बघून आमची छाती फुगायची. 25 जुलै 2024ला ते गेले तेव्हा मी रडलो. पण खरं सांगायचं तर बाहेरून आलेल्या बिल्डरविरुद्ध घोषणा देणं सोपं होतं. तोच बिल्डर पुढे आमच्याच माणसाच्या खांद्यावर हात टाकून आला, तेव्हा त्याचे कागद मीच लिहिले. केळीच्या वाड्या गेल्या, सोनचाफा गेला, बावखलं बुजली. बावखल म्हणजे काय ते आता नव्या वसईकराला समजावून सांगावं लागतं (वाडीतलं पाण्याचं तळं. त्याच्या जिवावर आमच्या विहिरी गोड राहायच्या). त्यातली किती खरेदीखतं माझ्या हातची, हे मी मोजलेलं नाही. मुद्दामच.

जुन्या करारात नाबोथाची गोष्ट आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा असतो. वाडवडिलांचं वतन विकणार नाही, म्हणून नाबोथ नकार देतो. मग राणी ईजबेल राजाच्या नावाने पत्रं लिहिते, राजाची मोहोर लावते, दोन खोटे साक्षीदार उभे करते, आणि नाबोथ दगडांखाली मरतो. यावर मी अनेक प्रवचनं ऐकली. फादर राजावर बोलतात, राणीवर बोलतात, एलिया संदेष्ट्यावर तर बोलतातच. माझं लक्ष मात्र कागदावर जातं. मोहोर, मजकूर, दोन साक्षीदार: आमच्या धंद्याचा सगळा सरंजाम त्यात आहे. पत्रं राणीने लिहिली म्हणतात, पण राण्या स्वतः लिहीत नसाव्यात. लेखणी कुणाची होती?

तीन वर्षांपूर्वी, राखेच्या बुधवारनंतरच्या आठवड्यात, दोन भाऊ आले. ओळखीचे होते. त्यातला एक देवळात वाचन करतो आणि चांगलं करतो. चार बहिणी, त्यातली एक आखातात परिचारिका. तिच्या नावाचं कुलमुखत्यारपत्र त्यांनी पुढे केलं. त्यावर तिथल्या भारतीय वकिलातीचा शिक्का नव्हता, आणि सही जुन्या कागदावरच्या सहीशी जुळत नव्हती. मी म्हटलं, तिला फोन लावा, मी दोन शब्द बोलतो. ते म्हणाले, ती ड्यूटीवर असते. मी कागद परत दिले. मोठा उठता उठता म्हणाला, "अंकल, तुम्ही नाही केलंत तर समोरच्या टेबलावर होईल." झालंही, त्याच दुपारी. त्यानंतर चार महिने त्यांच्या नात्यातलं एकही गिऱ्हाईक माझ्याकडे फिरकलं नाही.

हे वाचून मला शाबासकी देऊ नका. त्या रात्री मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणाने. माझ्या स्वतःच्या बहिणीचं हक्कसोडपत्र मीच लिहिलं होतं. सुरेख अक्षरात. 'कोणत्याही दडपणाविना, राजीखुशीने' हे शब्द माझेच.

येशू घरी आल्यावर जकातदार जक्कय म्हणतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. मला चौपट काय, एकपट जमलं नाही. दोन गुंठे तिच्या नावावर करावेत म्हटलं, तर तुकडेबंदीचा कायदा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करायला बंदी) आडवा आला. (तो मला तोंडपाठ असल्यामुळे 'आडवा आला' म्हणून हात झटकणंही सोयीचं होतं.) धाकटा भाऊ म्हणाला, मेलेल्या गोष्टी उकरू नकोस. शेवटी माझ्या वाट्याच्या केळीचं त्या वर्षीचं उत्पन्न तिच्या खात्यात भरलं आणि मृत्युपत्रात तिचं नाव घातलं. मुलगा दोन दिवस बोलला नाही. तिला सांगायला गेलो तर ती म्हणाली, "तेव्हाच मागितलं असतं तर माहेरचा चहासुद्धा बंद झाला असता. माहीत होतं मला. म्हणून सही केली." मला वाटत होतं, तिला काही माहीत नव्हतं.

आता पत्रलेखकांच्या सल्ल्याकडे येतो. बायबलात जकातदार बाप्तिस्मा घ्यायला आले आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला विचारू लागले की आम्ही काय करावं. नाका सोडा असं तो म्हणाला नाही. ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच म्हणाला. मला ते नाका सोडण्यापेक्षा अवघड वाटतं. सोडला की प्रश्नच संपला. बसून राहिलं की रोज सकाळी साडेदहाला तो नव्याने समोर येतो. 2024-25च्या हिवाळ्यात नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या आदेशावरून 41 बेकायदा इमारती पाडल्या. हजारो माणसं भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आली. त्या घरांचेही कागद कुणीतरी लिहून दिले होते, त्यावरही साक्षीदारांच्या सह्या होत्या. सज्जन माणसं त्या टेबलांपासून लांब राहिली, म्हणून त्या लोकांचं काय भलं झालं?

दोन वर्षांपासून मी दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या सभागृहात तासभर बसतो. बायकांनी सही करायच्या आधी कागद आणावा, मी मोठ्याने वाचून त्याचा अर्थ सांगतो. पैसे घेत नाही. सही कर किंवा करू नको, हेही सांगत नाही. आमच्या बायका येतात, वाडवळ आणि आगरी येतात, एकदा पूर्वेकडून तीन वारली बायका आल्या होत्या. 'देवाच्या घरात कोर्टकचेरी नको' अशी तक्रार धर्मग्राम परिषदेत झाली. फादरांनी तोडगा काढला: पाटी काढा, टेबल राहू द्या. पाटी काढली, गर्दी वाढली.

माझी एकच सूचना आहे. लग्नाआधीच्या शिबिरात आमच्या मुलामुलींना बरंच काही शिकवतात. त्यात अर्धा तास 1925च्या कायद्याला द्यावा, आणि तो मुलींपेक्षा त्यांच्या भावांना बसवून द्यावा.

गेल्या गुरुवारी पंचविशीतली एक मुलगी आली. कागद ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "अंकल, सही नाही केली तर भाऊ तोडेल का?" मला माझ्या बहिणीचा चहा आठवला. मी म्हटलं, पुढच्या वेळी त्यालाही घेऊन ये, त्याच्यासमोर वाचू. ती 'बघते' म्हणाली. आज बुधवार आहे.

आपला,
एक दस्तलेखक, वसई

(कृपया नाव छापू नये. मला उद्याही त्याच टेबलावर बसायचं आहे.)