आरोग्यमंत्री साहेब, तोंडात कुठला धातू बसवलाय ते पेशंटला लेखी मिळू द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
सप्रेम नमस्कार,

आईच्या मेंदूचा एमआरआय होता, फॉर्मवर अंगात धातू आहे का असं विचारलेलं, तिच्या दोन कॅप आणि एक स्क्रूचा दात, कशाचे आहेत ते तिला माहीत नाही आणि ज्या डॉक्टरांनी बसवले त्यांचा दवाखाना कधीच बंद झालाय. टेक्निशियनने स्कॅन पुढे ढकलला. त्याचा मला अजिबात राग नाही, कारण त्या मशीनचा चुंबक चोवीस तास चालू असतो, साधं 1.5 टेस्ला (चुंबकाची ताकद मोजायचं एकक) ताकदीचं मशीन म्हटलं तरी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण 30 हजार पट, आणि जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन सिलिंडरसकट ओढला जाऊन एका तरुणाचा जीव गेला ते कोण विसरेल.

पण दाताच्या बाबतीत बहुतेक वेळा एवढी भीती नसते हो. दातात भरलेली चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, टायटॅनियमचा इम्प्लांट म्हणजे स्क्रूचा दातही नाही. दात सरळ करायला लावलेल्या स्टीलच्या तारांनी स्कॅनचा फोटो खराब होतो, म्हणजे जबडा किंवा मेंदूचा पुढचा भाग बघायचा असेल तर अडचण खरी, पण तारा घट्ट बसलेल्या असतील तर गुडघ्याच्या स्कॅनसाठी त्या काढून यायला सांगणं म्हणजे पोरांना फुकटचा त्रास आणि आईबापांना खर्च. उलट चुंबकावर बसणारी कवळी काढायलाच हवी, नाहीतर तिचा चुंबकच कमजोर पडू शकतो, आणि ती काढली तरी चुंबकाला धरणारा तुकडा दाताच्या मुळावर किंवा इम्प्लांटवर तसाच राहतो, तो कोणी विचारल्याशिवाय पेशंटला आठवणारही नाही.

ही माहिती असते, फक्त पेशंटपर्यंत येत नाही. इम्प्लांटच्या बॉक्समध्ये कंपनी आणि लॉट नंबरचे स्टिकर असतात, कॅप निकेल-क्रोमची (धातूची) की झिरकोनियाची (सिरॅमिकची) ते ती बनवणाऱ्या लॅबला माहीत असतं.

म्हणून विनंती आहे, तोंडात कायमचं काही बसवलं की डॉक्टरांनी एक कार्ड द्यायचं, त्यावर काय बसवलं, कुठल्या कंपनीचं, कुठला धातू, तारीख आणि एमआरआय चालतो का, चालत असेल तर कुठल्या अटींवर. वैद्यकीय शिक्षण खात्याशी बोलून मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी डेंटल कॉलेजांत आधी सुरू करा. आणि सरकारी हॉस्पिटलांच्या एमआरआय फॉर्मवर दातांचा प्रश्न वेगळा छापा, साध्या मराठीत: कॅप, स्क्रूचा दात, तारा, चुंबकाची कवळी.

आपला,
एका पेशंटचा मुलगा