गाडी ठरली, आता पाडव्याला तुम्ही यायचं

टिळकवाडी, बेळगाव
फेब्रुवारी २०२६

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलून होत नाही. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आई, मी मोटारसायकलचं नाव काढलं की तू लगेच "जेवलीस काय गे?" विचारतेस. म्हणून लिहायला बसले. आई, बाबांना हे मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको.

मोटारसायकल घ्यायचं माझं पक्कं झालं आहे. लायसनही हातात आलं. आधी लर्निंग काढलं, त्यानंतर कायद्याप्रमाणं तीस दिवस थांबले, मग पाय न टेकता आठचा आकडा काढून दाखवला. कर्ज काढणार नाही, साठवलेले पैसे पुरतात. आता गाडी कुठली आणि तीच का, ते सविस्तर सांगते. बाबांच्या मनात बुलेट आहे, आईच्या मनात स्कूटी, आणि माझं मन तिसऱ्याच गाडीवर, होंडाच्या युनिकॉर्नवर, बसलं आहे.

शाळेचं तुम्हाला ठाऊक आहेच. जांबोटीच्या पुढं वस्त्या लांब लांब, मधे जंगल. सकाळची बस कशीबशी मिळते, पण शाळा सुटल्यावरची बस येईल तेव्हा येईल, आणि वडाप जांबोटीच्या पुढं फिरकत नाही. चौथीच्या पोरांना जादा तास घ्यायचा म्हटलं तरी माझा डोळा घड्याळावर. घरी पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो.

पण नुसती गरज आहे म्हणून घेते असं लिहिलं तर ते अर्धंच खरं. मला गाडी चालवायला फार आवडायला लागलं आहे. शाळेतल्या एक बाई स्वतः स्प्लेंडर चालवतात, त्यांनी शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांनी इंजिन सुरूच करू दिलं नाही. गाडी नुसती ढकलायला लावली, वळवायला लावली, स्टँडवर चढवायला-उतरवायला लावली. मग क्लच. ॲक्सिलेटरला हात न लावता क्लच केसभर सोडायचा, गाडी हलू बघते तिथंच धरून ठेवायचा, परत दाबायचा. हे शंभरदा करून हाताला ती जागा कळली, आणि त्या दिवसापासून गाडी बंद पडणं थांबलं. वळणावर नजर कुठं ठेवायची हेही त्यांनीच सांगितलं. खड्ड्याकडं बघत राहिलं की गाडी खड्ड्यातच जाते. जिथं जायचं तिथं बघायचं, हँडल आपोआप तिकडं वळतं. आता रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या बाजूला रस्ता मोकळा असतो तेव्हा त्यांची गाडी घेऊन मी सराव करते. दुसऱ्यातून तिसरा गेअर धक्का न बसता पडला की इतकं बरं वाटतं की दिवसभर ते मनात राहतं.

आता बुलेटचं. बाबा, तुम्ही तरुणपणी बेळगावला आलात की कॅम्पात मिलिटरीच्या बुलेट बघत उभे राहायचात, हे मी लहानपणापासून ऐकते. म्हणून सगळ्यांत आधी तीच बघायला गेले. बुलेटच्याच कंपनीच्या क्लासिक ३५० वर बसले. आवाज, रुबाब, सगळं तुम्ही सांगता तसंच आहे, आणि रस्त्यावर ती किती ठाम चालते हेही कळलं. पण तिचं वजन १९५ किलो. चालत्या गाडीचं वजन जाणवत नाही, उभ्या गाडीचं जाणवतं. आमच्या शाळेसमोर उतार आहे, तांबडी माती आहे, जूननंतर तिथं चिखलच चिखल. तिथून गाडी मागं ओढून काढायची वेळ रोज येणार. युनिकॉर्न १४० किलोच्या आसपास आहे. साधारण पंचावन्न किलोचा फरक म्हणजे तांदळाचं एक पोतं. रोज ते पोतं चिखलात एकटीनं ढकलायचं काही कारण मला दिसलं नाही.

वजनाइतकीच सीटची उंची महत्त्वाची. माझी उंची पाच फूट दोन. हीरोची एक्सपल्स २०० मला मनापासून आवडली होती, कच्च्या रस्त्यासाठीच बनवली आहे ती. पण सीट ८२५ मिलिमीटरवर. माझे नुसते चवडे टेकतात. सपाट डांबरावर तेवढं चालून जातं. रस्त्याची कड खाली उतरलेली असेल, पायाखाली खडी असेल आणि मागं माणूस बसलेलं असेल, तेव्हा चवड्यावर गाडी सावरत नाही. युनिकॉर्नची सीट ७९८ ला आहे, आणि सीट पुढं निमुळती असल्यानं पाय सरळ खाली येतात. शोरूममध्ये दहा जण दहा गोष्टी सांगतात, मायलेज, पिकअप, स्क्रीन, ब्लूटूथ. मी प्रत्येक गाडीवर शाळेतल्या चपला घालून बसले, इंजिन बंद ठेवून ती मागं ढकलून बघितली, आणि दोन्ही पाय कुठवर टेकतात ते बघितलं. निम्म्या गाड्या तिथंच गळल्या.

आई, स्कूटीचं तुझं म्हणणं मी उडवून लावलेलं नाही. गेअरची कटकट नाही, पुढं पाय ठेवायला जागा, सामान ठेवायला जागा. बेळगावात राहून खडेबाजार, शहापूर, अनगोळ एवढंच फिरायचं असतं तर मी तीच घेतली असती. अडचण चाकांची आहे. ॲक्टिवाचं पुढचं चाक १२ इंची आणि मागचं १० इंची, युनिकॉर्नची दोन्ही चाकं १८ इंची. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक त्याच खड्ड्यावरून पुढं निघून जातं. जांबोटीच्या पुढचा रस्ता पावसाळ्यानंतर कसा होतो ते तू कणकुंबीला माउलीच्या दर्शनाला आली होतीस तेव्हा पाहिलंस. "कंबर मोडली गे" म्हणत होतीस, आणि आपण तेव्हा जीपमध्ये होतो.

मग शिकले त्या स्प्लेंडरसारखीच हलकी गाडी का नको, असं बाबा विचारतील. ११२ किलोची, पेट्रोलला स्वस्त, कुठलाही मेस्त्री डोळे मिटून उघडतो. मीही बरेच दिवस तिथंच अडले होते. शेवटी निर्णय झाला तो ब्रेकवरून. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याखालच्या, स्प्लेंडरसारख्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय पुरते. जोरात ब्रेक दाबला आणि चाक जागीच अडकलं की गाडी घसरते. एबीएस असलं की चाक अडकायच्या बेतात आहे हे यंत्राला कळतं, ते ब्रेक क्षणभर सोडतं, परत धरतं, एका सेकंदात कितीतरी वेळा. चाक फिरत राहतं म्हणून हँडलही वळतं. युनिकॉर्नला ते पुढच्या चाकाला आहे, मागच्याला नाही, तेव्हा मागचा ब्रेक मला बेतानंच वापरायला हवा. ओल्या पानांचा थर आणि शेवाळ असलेल्या रस्त्यावर मला ही सोय पाहिजेच. भीमगड अभयारण्य तिथून जवळ. तिन्हीसांजेला गवा रस्त्यावर येऊन उभा राहतो, हॉर्न वाजवला तरी हलत नाही.

बाबा, इथं तुमच्याशी एक वाद घालते. "पुढचा ब्रेक धरू नको, तोंडावर पडशील" हे तुम्ही मला सायकल शिकवतानाही सांगितलंत, परवाही सांगितलंत. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. म्हणजे गाडी थांबवायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये आहे. नुसता मागचा दाबला तर गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं, शिवाय मागचं चाक घसरतं ते वेगळंच. पडतात ते पुढचा ब्रेक एकदम आवळल्यानं, किंवा वळणात नाहीतर खडीवर धरल्यानं. हँडल सरळ ठेवून हळूहळू दाब वाढवत जायचं, मी त्याचाच सराव जास्त करते. तुमच्या जुन्या येझदी मोटारसायकलला दोन्हीकडं ड्रम ब्रेक होते, रस्ते वेगळे होते, तेव्हाचं तुमचं बरोबर असेल. पण माझ्याबरोबर एकदा मोकळ्या रस्त्यावर बघा आणि मग सांगा.

येझदीवरून आठवलं. गेअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक व्हायची, ते बघायला गल्लीतली पोरं गोळा व्हायची. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, आणि तुम्ही पार्टसाठी निपाणी, कोल्हापूर, बेळगाव पालथं घालत राहिलात. गाडी चांगली होती, तरी शेवटी विकावीच लागली. मी गाडी ठरवण्याआधी जांबोटीच्या आणि खानापूरच्या मेस्त्रींना विचारून आले, कुठल्या गाडीचे क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल त्यांच्याकडं पडून असतात. दोघांनीही न अडखळता जी नावं घेतली त्यात युनिकॉर्न होती. टायर ट्यूबलेस आहेत, तेव्हा खिळा घुसला तरी चाक न खोलता पंक्चर निघतं. जंगलातल्या रस्त्यावर हे मोठं काम.

तुमच्या मित्रांनी सांगितलेली कोल्हापूर पासिंगची सेकंड हँड गाडी नको. कर्नाटकात रोड टॅक्स जास्त आहे म्हणून सीमाभागात कितीतरी जण पाहुण्यांच्या पत्त्यावर पलीकडं गाडी घेतात, मला माहीत आहे. पण गाडी बारा महिन्यांच्या वर इथं चालवायची तर इथलाच नंबर घ्यावा लागतो, म्हणजे परत एनओसी, परत टॅक्स, परत आरटीओच्या खेपा. मी राहते बेळगावला, नोकरी खानापूर तालुक्यात. गाडीवर बेळगावचा केए-२२ नंबरच असू दे. शिवाय २०२५ च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं नवी घेणं आवाक्यात आलं. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या गाडीबरोबरच घ्यावा लागतो, तो धरूनच मी हिशेब केला आहे.

आई, आता तुझ्या भीतीबद्दल. तू रात्री जागी राहतेस हे बाबांनी सांगितलं. "काही होत नाही" असं मी तुला म्हणणार नाही, कारण होतं. मी काय करणार आणि काय करणार नाही, ते लिहून देते. निपाणीला येताना पहाटे उजाडल्यावर निघेन आणि परतताना दिवस मावळायच्या आत बेळगावात असेन. उसाच्या हंगामात तर नक्कीच. एका ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्हीकडं बाहेर आलेला. अंधारात तो जवळ पोचेपर्यंत दिसत नाही. तवंदीच्या घाटात ट्रकच्या बाजूनं पुढं घुसणार नाही, कितीही उशीर झाला तरी. हत्तरगीला नाहीतर संकेश्वरला चहाला थांबून तुला फोन करेन. पहिले काही महिने हायवेवर येणारच नाही, शाळा आणि घर एवढंच. मुसळधार पावसात बसनंच जाईन.

आणि मला तुला मागं बसवायचं आहे. हसू नको. इतकी वर्षं तू बाबांच्या मागं एका बाजूला पाय सोडून बसलीस, मांडीवर मी, हातात पिशवी. आता तसं बसवणार नाही. एका बाजूला बसलं की वजन एकीकडं पडतं आणि अचानक ब्रेक लागला तर धरायला नीट काही नसतं. भांगलायला जाताना तू कासोटा घालतेस ना, तसं नेसून दोन्हीकडं पाय टाकून बस. मागच्या चाकाला सारी गार्ड आहे, तो नियमानंच असतो, आणि मी पदर खोचल्याशिवाय गाडी हलवणार नाही. तुझ्या बहिणीला भेटायला सौंदलग्याला जायचं म्हणून तू बाबांच्या मागं किती दिवस लागली आहेस. त्यांच्या गुडघ्यानं ते होत नाही, मी नेते.

मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, तोही कायदाच आहे. तुमच्या दोघांसाठी मीच घेणार, रस्त्याकडेला टांगलेलं नाही, आयएसआयचं, हनुवटी झाकणारं. सैल हेल्मेट पडताना डोक्यावर राहत नाही. म्हणून एक काम करा. शिवणाचा टेप घ्या, भुवईच्या वर दोन बोटं धरून मागच्या उंचवट्यावरून डोक्याचा पूर्ण घेर मोजा आणि सेंटिमीटरमध्ये मला कळवा. आई, अंबाडा सोडून मोज. पाडव्याला सकाळच्या बसनं निघालात तर दहापर्यंत इथं पोचाल, मी स्टँडवर येते. गाडी ताब्यात घेण्याआधी बाबांनी चेन, टायर, लाईट सगळं आपल्या हातानं बघायचं आहे, आणि पूजेचा नारळ आईनं फोडायचा आहे.

मापं लवकर पाठवा.

तुमची लेक