कळण्याच्या भाकरीकडे आहारतज्ज्ञांचे दुर्लक्ष

महोदय,

आरोग्य पुरवण्यांमधून प्रथिनांसाठी डबाबंद पावडरींची शिफारस सतत होते. खान्देशातल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या, भाकरीचे नावही निघत नाही. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असते. उडदात ते भरपूर, पण मेथिओनिन हे दुसरे आवश्यक अमिनो आम्ल कमी. दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम, तर उडदात सुमारे 24 ग्रॅम प्रथिने असतात.

तीन-चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीसकट उडीद पुरे. उडीद वाढवले तर पीठ चिकट होते, भाकरी हाताला धरते आणि पोटही जड होते. पीठ थोडेच दळून आणावे. जुन्या पिठाची विरी (बांधून धरणारा चिकटपणा) जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. अशा वेळी कढत पाण्यात मळावे.

लोहाचे गणित मात्र वेगळे. धान्य-कडधान्यातल्या फायटेट या घटकामुळे लोह नीट शोषले जात नाही. क जीवनसत्त्व ते सुधारते. म्हणून भाकरीसोबत कच्चा टोमॅटो किंवा लिंबाची फोड हवी. लिंबू ताटात पिळावे, उकळत्या भाजीत नव्हे. जेवणावर लगेच चहा घेतला तर लोहाचे शोषण बरेच घटते. तासभर थांबायला कुणाची हरकत नसावी!

मीठ पिठात, ठेच्यात, उडदाच्या पापडात असे तिन्हीकडून येते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी उडदाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

— आहारशास्त्राचे काही अध्यापक, जळगाव