तुझ्या मामाची सही

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

मेंदूत बसवायच्या यंत्रांवर संशोधन करणाऱ्या गटात तू रुजू होणार, याचा मला फार आनंद आहे. पण रुग्णापुढे संमतिपत्र घेऊन बसण्याआधी तुला एक गोष्ट सांगायलाच हवी.

तुझ्या मामाला मनोरुग्णालयात दाखल केले, तेव्हा डॉक्टर अर्धा तास माझ्याशीच बोलत होते. मामा शेजारच्या खुर्चीत होता. औषधाने थरथरणारे हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते. मी पेन उचलले तेव्हा तो म्हणाला, "ताई, कागद कुणाचा आहे?" मी "तुझाच" म्हणाले आणि सही केली. तो निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. जेवणात विष आहे या संशयाने त्याने अन्न सोडले होते आणि थांबणे जिवावर बेतले असते. बरा झाल्यावर तो एवढेच म्हणाला, "मला पटले नसते, पण सांगायला तर हवे होते."

ज्या मनाने होकार द्यायचा तेच आजारी असले की त्याला सगळ्याच बाबतीत अक्षम ठरवणे आपल्याला सोयीचे जाते. औषधाबद्दल त्याला ठरवता येत नव्हते हे खरे, पण आपल्या आजाराची बातमी कुणाला कळावी आणि कुणाला नाही, हे त्याला त्या दिवशीही नेमके ठाऊक होते.

पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगास मोनिझ यांनी १९३५ साली मेंदूच्या पुढच्या भागातील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि १९४९ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. पुढे त्या शस्त्रक्रियेने पुष्कळ रुग्ण 'शांत' झाले. सांभाळणाऱ्यांची सोय झाली. रुग्णाचे काय झाले, हे विचारायला उशीर झाला.

मला मात्र हेन्री मोलाइसन या अमेरिकन रुग्णाविषयी वाचून अधिक अस्वस्थ व्हायला होते. अपस्मारासाठी १९५३ साली त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या अवयवाचा, मोठा भाग काढला गेला. झटके कमी झाले, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. आरशात पाहून चांदणी गिरवण्याच्या प्रयोगात त्यांचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला आणि प्रत्येक वेळी ते मात्र हे काम आपण पहिल्यांदाच करतो आहोत असे समजत होते. २००८ साली त्यांचे निधन होईपर्यंत शास्त्रज्ञ त्यांना अभ्यासत राहिले. काही मिनिटांत विसरल्या जाणाऱ्या होकाराला होकार म्हणायचे का? त्यांच्यामुळे स्मृतीविषयीचे विज्ञान पुढे गेले, हे मी नाकारत नाही; पण अशा माणसाला प्रत्येक भेटीत नव्याने विचारणे, हा किमान शिष्टाचार आहे असे मी मानते.

तुमच्या कामात आणखी एक पेच आहे. आर्गस २ नावाचे, अंधांच्या नेत्रपटलावर बसवायचे यंत्र बनवणे कंपनीने २०१९ साली थांबवले; यंत्रे लोकांच्या डोळ्यांत तशीच राहिली आणि ती बिघडली तर कुणाकडे जायचे हे त्यांना कळेना. तेव्हा प्रकल्पाचा निधी संपल्यावर डोक्यातल्या तारांची जबाबदारी कुणाची, हे तुमच्या कागदावर स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहा. नसेल तर पहिल्याच बैठकीत विचार. नवखी आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

आणि त्या संमतिपत्राची एक कोरी प्रत मला पाठव. मामा म्हणतो, तो स्वतः वाचून न कळलेल्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारून देईल.

तुझी,
आई