उंचीवरच्या मुलांचा ऑक्सिजन

चि. सानिका हिस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू विचारलंस, तू जिथे मुलं तपासणार आहेस तिथल्या, चार हजार मीटर उंचीवरच्या मुलांना कोरोना खरंच कमी होतो का? उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून लिहूनच पाठवते.

२०२०च्या पहिल्या काही महिन्यांत तसे शोधनिबंध आले होते खरे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचे, तिबेटकडचे आकडे कमी दिसले आणि विरळ हवा विषाणूला मानवत नाही, असं अनेकांनी ठरवून टाकलं. अगं, जिथे तपासणीच होत नाही तिथे रुग्ण सापडणार कुठून? वस्ती तुरळक, त्यात साथही उशिरा पोचलेली. पुढे ती अँडीजमधल्या शहरांतही पोचलीच. उंचीचं कवच वगैरे डोक्यातून काढून टाक.

मुलांचा कोविड बहुधा सौम्यच असतो, तिथेही. आणि नाक वाहणाऱ्या प्रत्येक पोराला कोविडच असेल असं नाही. साधी सर्दी करणारे चार कोरोना विषाणू त्याच्या आधीपासून आपल्यात आहेत. मला काळजी आहे ती तुझ्या ऑक्सिमीटरची. चार हजार मीटरवर प्रत्येक श्वासात ऑक्सिजन इथे खाली मिळतो त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच मिळतो. त्यामुळे हसतंखेळतं मूलही रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के दाखवू शकतं. तू इथल्या सवयीने घाबरशील, आणि महिन्याभरात ८४लाही 'इथे असंच असतं' म्हणू लागशील. हे दुसरं जास्त घातक. उंचीवरचं मूल मुळातच उतारावर उभं असतं. फुप्फुसात थोडी सूज आली तरी आकडा झरकन घसरतो. जागतिक आरोग्य संघटनेने अडीच हजार मीटरच्या वर ८७ किंवा त्याखाली ऑक्सिजन द्यायला सांगितलंय. पण बोटं गार असतील तर यंत्रावर विसंबू नकोस. हात चोळून गरम कर, मग लाव.

त्याआधी पूर्ण एक मिनिट श्वास मोज. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस; तेवढे किंवा जास्त भरले तर धाप समज. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बाळ दूध ओढत नाही, निपचित पडलंय, तर आकडा बरा असला तरी थांबू नकोस.

घरात चूल कुठे आहे ते नक्की विचार. थंडीमुळे दारंखिडक्या बंद, एकाच खोलीत सगळं कुटुंब आणि तिथेच धूर. आजारी माणसाला वेगळं ठेवा हा सल्ला तिथे देऊन उपयोग नाही, वेगळी खोली असते कुणाकडे? त्यापेक्षा बाळाला धुरापासून लांब ठेवायला सांग, ते जमण्यासारखं आहे. हिमोग्लोबिन ११ दिसलं म्हणून खूश होऊ नकोस, त्या उंचीवर तो ॲनिमियाच. हृदयही नीट ऐक. उंचीवर जन्मलेल्या मुलांत डक्टस, म्हणजे हृदयाजवळची जन्मानंतर बंद व्हायला हवी ती नळी, उघडी राहण्याचं प्रमाण जास्त असतं.

आजार सौम्य गेला तरी आयांना सांगून ठेव, की दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी आली तर लगेच यायचं. तो कोविडचाच उशिरा उमटलेला परिणाम असू शकतो, पण त्यांना तो नवाच आजार वाटतो आणि खाली येण्याजाण्याचा खर्च आठवून त्या थांबतात. गाडीची सोय काय, ते तू आत्ताच विचारून ठेव.

आणि एक काम कर. लसीकरणाला येणाऱ्या निरोगी मुलांचे ऑक्सिमीटरचे आकडे वयासकट वहीत टिपत जा. तुझ्या वस्तीचा 'नॉर्मल' काय, ते त्यातूनच कळेल. पन्नासेक झाले की मला पाठव.

तुझी आई