हवेच्या गनला कुठलंही तेल चालत नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पेपरात गाड्यांवर, शेतीवर, तब्येतीवर सगळ्यावर लिहून येतं, पण ज्यांच्या हातात दिवसभर हवेवर चालणारी टूल्स असतात त्यांच्यासाठी दोन ओळी आल्याचं मला तरी आठवत नाही, म्हणून हे पत्र. मी इम्पॅक्ट गन (नट-बोल्ट खोलायची हवेची गन), ग्राइंडर, रॅचेट, एअर ड्रिल असली टूल्स रिपेअर करतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच टूल्समध्ये मुळात काही बिघडलेलं नसतं, एकतर त्यांना तेल मिळालेलं नसतं नाहीतर भलतंच तेल मिळालेलं असतं.

मध्यंतरी एक पोरगा अर्धा इंची गन घेऊन आला. ट्रिगर दाबला की नुसती हवा फुसफुसायची, मग तो ती टायरवर दोनदा आपटायचा की फिरायला लागायची. मालकाचं म्हणणं गन भंगार झाली आणि पोराला वापरता येत नाही. मी त्याच्यासमोरच खोलली. आत रोटरच्या खाचांमध्ये पातळ पट्ट्या असतात, आम्ही त्यांना ब्लेड म्हणतो, रोटर फिरला की त्या बाहेर फेकल्या जाऊन सिलिंडरला टेकतात आणि त्यांच्यावर हवेचा जोर बसतो म्हणून गन फिरते. इथे सहापैकी चार ब्लेडं खाचेतच चिकटून बसलेली, वर तपकिरी मळी, दोन बोटांत धरली तर तार निघेल इतकी चिकट. एक ब्लेड काढता काढताच कोपऱ्यावर तुटलं. विचारलं तेल कुठलं टाकतोस, तर म्हणाला इंजिन ऑइल, ट्वेंटी डब्ल्यू फोर्टी, जुनं नाही हां, सीलबंद डब्यातलं, रोज न चुकता. म्हणजे पोराने मनापासून काळजी घेतली होती आणि त्या तेलानेच गन जाम केली, याचं मला फार वाईट वाटलं.

इंजिन ऑइल वाईट नाही, पण ते इंजिनसाठी आहे. त्यात डिटर्जंट घातलेलं असतं, काजळी तेलात तरंगत राहावी आणि फिल्टरमध्ये अडकावी म्हणून. हवेच्या टूलमध्ये काजळी नसतेच, तिथे असतं पाणी. कॉम्प्रेसर हवा दाबतो, ती टाकीत आणि पाइपात गार झाली की तिच्यातल्या ओलाव्याचं पाणी होतं आणि ते हवेबरोबर टूलमध्ये येतं, मग डिटर्जंटवालं तेल त्या पाण्याला सोडत नाही, दोन्ही मिळून दुधाळ राड होते आणि सुकली की गोंद. शिवाय ते तेल जाड. डब्यावर आयएसओ व्हीजी म्हणून जो नंबर असतो तो ४० डिग्री सेल्सिअसला तेल किती जाड आहे ते सांगतो, आणि बहुतेक हँड टूल्सना २२ किंवा ३२ नंबरचं एअर टूल ऑइल लागतं, ते न मिळालं तर बिनडिटर्जंटचं, इंजिन ऑइलच्या मापात (एसएई) दहा ग्रेडचं, जे ३२ च्या जवळ जातं. ट्वेंटी डब्ल्यू फोर्टी त्याच्या तीन-चार पट जाड पडतं. आधी टूलचं मॅन्युअल बघा हे आलंच, कारण दगड फोडायच्या ड्रिलला वेगळं जाड आणि चिकट तेल लागतं, तिथे ३२ चालणार नाही. काही खिळे मारायच्या गन तर ऑइल-फ्री असतात, त्यांच्यात थेंबही टाकायचा नाही.

दुसऱ्या टोकाला गंज काढायचा स्प्रे मारणारे असतात. स्प्रेने जाम टूल सुटतं हे खरं, पण तो आतलं होतं तेवढं तेलही धुऊन नेतो आणि स्वतः काही टिकत नाही, मग ब्लेडं कोरडी घासतात. रॉकेल-डिझेलने धुवून तसंच हवेला जोडणाऱ्यांना तर मी हात जोडतो, जळणारी वाफ आणि दाबाची हवा एकत्र आणू नका, बाजूला ग्राइंडरची ठिणगी उडत असते.

आणखी एक गैरसमज नेहमी ऐकतो, कॉम्प्रेसरमध्ये तेल आहे म्हणजे टूलला पोचतंच. अहो, कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर जे सुटतं ते तापून गेलेलं तेल असतं, त्याला वंगण म्हणून धरू नका. हवेच्या टूलमधलं तेल एक्झॉस्टमधून बाहेर जातं, परत येत नाही, म्हणून रोज द्यावं लागतं. सकाळी पाइप जोडायच्या आधी हवेच्या तोंडात ४-५ थेंब, मग एक्झॉस्टसमोर फडकं धरून थोडा वेळ हळू फिरवा. संध्याकाळी काम संपलं की परत तेच, आणि हे संध्याकाळचं तेल मला सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण आत राहिलेलं पाणी रात्रभर गंज धरतं. टाकीचा खालचा कॉक उघडून रोज पाणी काढलं तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

टूल सलग चालणार असेल तर लाइनवर ऑइलर लावा, म्हणजे हवेत थेंब थेंब तेल सोडणारी बाटली, हवा फिल्टरमधून गेल्यानंतरच्या बाजूला, आणि टूलच्या जितका जवळ जमेल तितका, कारण लांब पाइपात तेलाचा फवारा भिंतीलाच चिकटून राहतो. टूल मिनिटाला किती घनफूट हवा खातं तो आकडा म्हणजे सीएफएम, साधारण १० सीएफएमला मिनिटाला एक थेंब धरा. एक्झॉस्टमधून धूर दिसायला लागला तर कमी करा, ते तेल कामगाराच्या छातीत जातंय. ऑइलरचा पारदर्शक बाउल थिनरने किंवा पेट्रोलने पुसू नका, त्या प्लास्टिकला तडे जातात आणि दाबाखाली तो फुटू शकतो, साबणाचं पाणी पुरतं. आणि ज्या पाइपातून तेल गेलंय तो पेंटिंगला कधीच वापरू नका, रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात, मग सगळं घासून परत रंगवावं लागतं.

माझं टूल बनवणाऱ्यांना एकच मागणं आहे. मॅन्युअल मालकाच्या ड्रॉवरमध्ये जातं आणि टूल कामगाराच्या हातात, तर तेलाचा नंबर आणि किती थेंब हे टूलवरच, हवेच्या तोंडाजवळ, त्याला वाचता येईल अशा भाषेत छापा. त्या पोराच्या गनला नवीन ब्लेडं टाकून दिली तेव्हा मी मार्करने लिहून दिलंय, ‘३२ नंबर, सकाळी ४, जाताना ४’. पण मार्करचं लिहिलेलं तेलकट हाताने आठ दिवसांत पुसलं जातं.

आपला,
एअर टूल्स रिपेअर करणारा एक वाचक